सेवेचे 240 तास

देवासच्या टेकडीखालच्या एखाद्या मराठी घरात मुलीची अकरावी संपली, की न्यू जर्सीहून मावशीचा फोन येतो. हवापाण्याची चौकशी होते, पोह्यांवरच्या शेवेची आठवण निघते आणि मग मावशी मुद्द्यावर येते.

"डॉक्टरच व्हायचंय ना तिला? मग हॉस्पिटलचे तास किती झाले?"

इकडे क्षणभर शांतता. देवासच्या मराठीत हॉस्पिटलचे तास मोजायला सुरुवात होते ती सलाइनची बाटली चढवल्यापासून. आई घाबरून म्हणते, "अगं, बरी आहे ती. काही झालेलं नाही तिला!"

खुलासा व्हायला वेळ लागतो. मावशीची मुलगी याच वयाची, तिलाही डॉक्टर व्हायचे आहे आणि म्हणून ती दर शनिवारी तिथल्या एका रुग्णालयात चार तास विनामूल्य काम करते. पेशंटला पाणी नेऊन देते, नातेवाइकांना लिफ्ट दाखवते, पुस्तकांची गाडी ढकलते. तास वहीत चढतात, त्यावर कुणाची तरी सही होते. आईला यातले फक्त 'विनामूल्य' कळते. लेकीला घरी पाण्याचा तांब्या भरायला सांगितला, तर "माझा टेस्ट पेपर आहे" असे उत्तर येते, हेही तिला त्याच वेळी आठवते. पण दूरच्या फोनवर असल्या गोष्टी बोलायच्या नसतात.

दोघी मावसबहिणी एकाच आजीच्या नाती. एकीला डॉक्टर होण्यासाठी दवाखान्यात जावे लागते आणि दुसरीला डॉक्टर होण्यासाठी दवाखान्यापासून दूर राहावे लागते.

अमेरिकेतला हिशेब मोठा शिस्तीचा आहे. बारावीनंतर कॉलेजात अर्ज करायचा तर 'कॉमन अ‍ॅप' नावाचा एक सामाईक फॉर्म असतो. त्यात अभ्यासाबाहेरचे दहा उद्योग लिहायला जागा असते. प्रत्येक उद्योगाच्या वर्णनाला अक्षरे 150, त्यांत स्वल्पविरामही धरलेला. शेजारी आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे. पुढे पदवी घेऊन मेडिकल स्कूलला अर्ज करायचा, तर तिथल्या फॉर्मात असे पंधरा अनुभव लिहिता येतात. प्रत्येकाला 700 अक्षरे आणि त्यांतल्या तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' अनुभवांना आणखी 1325. आपल्याकडे एखाद्या काकांनी नुसत्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचा किस्सा सांगायला घेतला, तर 1325 अक्षरे रिक्षा ठरवण्यातच संपतील.

या सगळ्याचे एक मूळ न्यू जर्सीतच आहे. 1944 साली, महायुद्ध चालू असताना, ईस्ट ऑरेंज इथल्या रुग्णालयात शाळकरी मुली नागरिकशास्त्राचा प्रकल्प म्हणून मदतीला आल्या. त्यांनी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाचे गणवेश शिवले होते. लोकांना त्यात पेपरमिंटच्या कांड्या दिसल्या आणि अशा मुलींना 'कँडी स्ट्रायपर' हे नाव पडले, ते देशभर गेले. तेव्हा फॉर्मात रकाना नव्हता. मुली आधी आल्या, रकाना मागून आला. आता रकाना पुढे उभा असतो आणि मुले त्याच्यामागे रांगेत.

हे अति झाले, असे तिकडच्या शहाण्यांनाही वाटले. 2016 साली हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून एक अहवाल निघाला, त्याचा मथितार्थ असा, की सेवेची यादी लांबवू नका, मन लावून थोडेच करा. अर्जदारांनी तो सल्ला शिरसावंद्य मानला असणार. यादी आखूड करायची आणि एकाच आजोबांवर निबंध लिहायचा, हेही शेवटी तंत्रच.

न्यू जर्सीचे नाव निघाले म्हणून आठवले. मराठी माणसाने अमेरिकेतल्या वैद्यकीय कॉलेजात केलेला पहिला गाजलेला अर्जही त्याच राज्यातून गेला. धारच्या लोकांना आनंदीबाई म्हटले, की राघोबादादांची आनंदीबाई आठवते. 1775 च्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात ती बाळंत झाली आणि दुसरा बाजीराव जन्मला. ही आनंदीबाई निराळी, जोश्यांची. 1883 च्या जूनमध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावात बसून अठरा वर्षांच्या डॉ. आनंदीबाईंनी, म्हणजे तेव्हाच्या नुसत्या आनंदीबाईंनी, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटींत बसू असे नाही, हे त्यांनी त्यात मोकळेपणी मान्य केले. आपण कशासाठी आलो आहोत आणि किती विरोध पत्करून आलो आहोत, एवढे सांगितले. दवाखान्यात घालवलेल्या तासांचा आकडा दिला नाही. कॉलेजने त्यांना घेतले आणि 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. आज तोच अर्ज आला, तर संगणक बहुधा तांबडी खूण करून विचारेल, 'आठवड्याचे तास भरलेले नाहीत.'

आता देवासच्या मुलीकडे येऊ. तिची परीक्षा नीट. प्रश्न 180, गुण 720, बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला उणे एक. 2025 साली देशभरात बावीस लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसली. दोघांचे गुण सारखे झाले, तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकीचे. माणसाशी कसे बोलतो, हे कुठल्याच टप्प्यावर पाहत नाहीत. तसे पाहायला घेतले असते, तर इंदूरच्या भंवरकुआँ चौकात त्याचेही क्लास निघाले असते, 'करुणा क्रॅश कोर्स, मर्यादित जागा'. आणि प्रश्न आला असता तो असा: पर्चीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या आजीबाईंना एक्सरेची खोली कशी सांगाल? (अ) बोटाने, (ब) पाटीकडे पाहा असे म्हणून, (क) सोबत जाऊन, (ड) वरीलपैकी एकही नाही, मी इथला नाही.

या परीक्षेत दयामाया नाही, असे म्हणणाऱ्यांनी 4 मे 2025 चा दिवस आठवावा. त्या दुपारी इंदूर-उज्जैनकडे वादळी पाऊस झाला आणि काही केंद्रांवर दिवे गेले. पोरांनी अंधुक उजेडात गोळे काळे केले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात गेले. एका न्यायमूर्तींनी पंचाहत्तरएक मुलांची परीक्षा पुन्हा घ्या असे सांगितले, पुढे दोघा न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. जिथे दिवे गेल्याचा एक गुण मिळत नाही, तिथे आजीला एक्सरेपर्यंत पोचवल्याचा कुठून मिळणार? देवासची आई मावशीला सांगते ते काही चुकीचे नाही. दवाखान्यात घालवलेले चार तास म्हणजे न सोडवलेले दोनशे प्रश्न.

म्हणून धार-देवासकडे सेवेचे तास मोजतच नाहीत, असे मात्र कुणी समजू नये. मोजतात, आणि चांगले मोजतात.

राष्ट्रीय सेवा योजना, मध्य प्रदेशाच्या सरकारी बोलीत 'रासेयो', 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली. तेव्हा विद्यापीठे होती 37 आणि स्वयंसेवक चाळीस हजार. दोन वर्षांत 240 तास सेवा आणि एक सात दिवसांचे शिबिर, असा तिचा नेम. बोधचिन्ह कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक. त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. ज्याने कुठल्याही जिल्हा रुग्णालयात व्हीलचेअर ढकलली आहे, त्याला छातीवरचे ते चाक आणि हाताखालचे चाक यांतला फरक लगेच कळतो. छातीवरचे अडत नाही.

धारचे महाराजा भोज महाविद्यालय असो की देवासचे कृष्णाजीराव पवार महाविद्यालय, दोन्हीकडे बीए, बीकॉम, बीएस्सीची पोरे या हिशेबात आहेत. मध्य प्रदेशाने 2021 साली नवे शिक्षण धोरण लावले आणि पदवीच्या पहिल्या वर्षापासून प्रकल्प, इंटर्नशिप किंवा 'सामुदायिक जुड़ाव' यांपैकी काहीतरी करणे आले. शिवाय सरकारी महाविद्यालयांच्या प्रवेशात एनएसएस-एनसीसीच्या प्रमाणपत्राला थोडे वजन मिळते. म्हणजे गुणवत्ता यादीत टाचा थोड्या उंच करता येतात. 2024 च्या दिवाळीत केंद्राच्या 'माय भारत'ने देशभरच्या तरुणांना तीन कामे नेमून दिली होती. बाजारपेठा झाडा, चौकात वाहतूक सांभाळा आणि रुग्णालयात मदत करा. दिवाळीत देवासच्या चौकात वाहतूक सांभाळण्यापेक्षा रुग्णालय बरे, असा विचार ज्यांनी केला असेल, ते हुशार.

याचा दिखाऊ भागही आहेच आणि तो साऱ्या देशात एकसारखा दिसतो. फळवाटप. एक खाट, एक रुग्ण, एक केळे आणि केळ्याला टेकलेले अकरा हात. बाराव्याचा हात पोचत नाही म्हणून तो बॅनरचे टोक धरतो. फोटो नीट येत नाही, म्हणून केळे परत घेऊन पुन्हा दिले जाते. रुग्ण बिचारा प्रत्येक वेळी हात पुढे करतो. तेवढ्यात सिस्टर येऊन सांगतात, की उद्या सकाळी त्याचे ऑपरेशन आहे आणि त्याला काही खायचे नाही. केळे पुढच्या खाटेवर जाते, बॅनरसकट.

पण बॅनर गुंडाळून बारांपैकी दहा जण गेल्यावर जे दोघे मागे राहतात, त्यांच्याकडे जरा पाहावे.

धार जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत जवळपास बावीस लाख होती आणि त्यांतले निम्म्याहून अधिक, सुमारे छप्पन टक्के, आदिवासी. खेड्यावरून पहिली बस पकडून आलेली म्हातारी बोलते भिली. खिडकीतला बाबू बोलतो हिंदी. गोळीच्या पाकिटावर इंग्रजी. मध्य प्रदेशाने 2022 च्या ऑक्टोबरात एमबीबीएसची पुस्तके हिंदीत काढली, म्हणजे पुढचा डॉक्टर निदान पाठ्यपुस्तकापुरता हिंदीत येईल, पण म्हातारी काही तेवढ्याने जवळ येत नाही. आणि या सगळ्यांच्या मधोमध छातीला चाकाचा बिल्ला लावून उभी असते इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. तिच्या घरी मराठी, तीही माळव्याची. या मराठीत रुग्णाला डिस्चार्ज मिळत नाही, त्याची छुट्टी होते, आणि घरी आलेल्या पुण्याच्या पाहुण्याला वाटते, की माणूस शाळेत होता.

पहिल्या दिवशी ती आजीबाईंशी मोठ्या आवाजात हिंदी बोलते. आवाज वाढवला की भाषा कळते, हा समज जगभर आहे. आजीबाई ऐकू येत असल्याची खूण करतात. दुसऱ्या आठवड्यात मुलीला चार शब्द येतात: दुखणे, पाणी, खाल्ले का, कुणासोबत आलात. तिसऱ्या आठवड्यात तिला असे कळते, की 'सकाळी एक, संध्याकाळी एक' हे सांगणे पुरत नाही. म्हातारीची सकाळ चारला होते आणि संध्याकाळी ती जेवली नाही तर गोळी घेणार नाही. मग ती पाकिटावर पेनने एक सूर्य आणि एक चंद्र काढून देते, चंद्राशेजारी भाकरी. हे 150 अक्षरांत बसते की नाही, हा प्रश्न तिला पडत नाही. वहीत त्या दिवसापुढे 'दोन तास' एवढेच चढते.

पेनावरून सांगायचे, तर पर्चीच्या खिडकीसमोर सगळ्यात दुर्मीळ वस्तू हीच. फॉर्म मिळतो, खिडकी उघडी असते, माणूसही असतो. पेन नसते. असते ते सुतळीने बांधलेले, आणि सुतळी नेमकी फॉर्मपासून चार बोटे आखूड. स्वयंसेवकाची पहिल्या तासातली ओळख 'पेनवाली ताई' अशीच होते. दिवसअखेर सेवा किती झाली ते वहीवरून कळते, पेने किती गेली ते खिशावरून.

खिडकीवरून सांगायचे, तर देवासला सगळे दोन-दोन असण्याची जुनी सवय आहे. हे गाव म्हणजे एकाच पवार घराण्याची दोन संस्थाने, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजवाडे दोन, दरबार दोन, हद्द गावातूनच गेलेली. त्यामुळे देवासच्या माणसाला एकाच कामासाठी दोन खिडक्यांवर उभे राहण्याचे नवल वाटत नाही, ते रक्तातच आहे. थोरल्या पातीच्या महाराजांकडे 1921 साली ई. एम. फॉर्स्टर नावाचा इंग्रज लेखक खासगी चिटणीस म्हणून सहा महिने राहिला. कामाचा अनुभव शून्य. त्याच्याकडे बागा, मोटारी, विजेचा कारखाना असली खाती सोपवली होती. त्या काळातली आठवण घेऊन पुढे 'अ पॅसेज टु इंडिया' पुरी झाली आणि 1953 साली देवासवरच 'द हिल ऑफ देवी' आले. सहा महिन्यांच्या अननुभवी नोकरीचे इतके भांडवल देवासमध्ये त्याच्याआधी कुणी केले नाही आणि त्याच्यानंतरही. 1325 अक्षरांत उरकणाऱ्यांपैकी तो नव्हता.

त्याच देवासमध्ये 1948 साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन कोरड्या हवेसाठी आले. वय तेविशीचे, गाणे बंद, पुढे काय याचा पत्ता नाही. त्यांच्या पत्नी भानुमतीताई शाळेत शिकवायच्या आणि घरी आल्या की शुश्रूषा करायच्या. हे काही महिने नाही, वर्षे चालले. खाटेवर पडल्या पडल्या कुमारांच्या कानावर माळव्याची लोकगीते पडत राहिली आणि नवे औषध लागू पडून ते उठले तेव्हा गाणेच वेगळे झाले होते. ते तास कुणी मोजायचे म्हटले, तर रकाना कुठला? आज अमेरिकेतली बरीच रुग्णालये शाळकरी स्वयंसेवकाला आत घेण्याआधी क्षयाची चाचणी करून घेतात. भानुमतीताईंना ती सवलत नव्हती.

धारमध्ये तर त्याहून जुनी गोष्ट आहे. कॅनडातून 1891 साली मध्य भारतात आलेल्या डॉ. मार्गारेट ओ'हारा पुढे धारला स्थिरावल्या आणि तिथे त्यांनी बायकांसाठी दवाखाना चालवला. त्या डॉक्टर होऊनच आल्या होत्या, अर्जाची काळजी संपलेली होती. माणसांची बोली मात्र इथे येऊन पहिलीपासून शिकावी लागली.

नेमका हाच पेच आजही आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत तास मोजतात, म्हणून डॉक्टर होऊ पाहणारा मुलगा दवाखान्यात जातो, मन असो वा नसो. आपल्याकडे नीटमध्ये तासांना किंमत नाही, म्हणून डॉक्टर होऊ पाहणारी मुलगी भंवरकुआँत असते. दवाखान्यात जाते ती इतिहासाची मुलगी, कारण तिच्या वहीला 240 तास हवे असतात. परिणाम असा, की धारच्या म्हातारीची भाषा, तिची चारची सकाळ आणि तिची भाकरी ज्यांना कळते, ते पुढे शिक्षक होतात, पटवारी होतात, बँकेत लागतात. जी डॉक्टर होते, ती म्हातारीला पहिल्यांदा भेटते प्रवेश मिळाल्यानंतर.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला हे उमगलेले दिसते. आता एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घ्यावी लागतात. देवासजवळच्या अमलतासच्या वैद्यकीय महाविद्यालयालाही हा नियम लागू आहे, आणि धारला खासगी भागीदारीतून जे महाविद्यालय उभे करायचे ठरले आहे त्यालाही तो चुकणार नाही. दत्तक या शब्दाची संस्थानी गावांना चांगली माहिती आहे. फरक एवढाच, की पूर्वी दत्तक गेलेल्याला गादी मिळायची, आता दत्तक गेलेल्याचा रक्तदाब मोजतात. कुटुंबालाही गंमत वाटते. चष्मेवाली पोरगी येते, 'कुटुंबप्रमुख कोण?' असे विचारते आणि घरातल्या तीनही बायका हसतात.

तरी ही व्यवस्था बरी. सेवेला नीटमध्ये गुण द्यावेत असे कुणी सुचवले, तर ती सूचना लगोलग फेटाळावी. दुसऱ्याच दिवशी भंवरकुआँत 'सेवा प्रमाणपत्र, घरपोच' अशी पाटी लागेल आणि एका केळ्याला अकरांऐवजी अकराशे हात टेकतील. पण नीट देऊन झाल्यावर निकालाची वाट पाहत जे आठवडे काढायचे असतात, ते तर कुणाच्याच हिशेबात नाहीत. क्लास संपलेला, गुण ठरलेले, घरात कुणी काम सांगत नाही आणि मावशीचा फोन तर दर रविवारी यायचाच.

त्या आठवड्यांत ज्यांना जायचे असेल, त्यांनी जिल्हा रुग्णालयात आधी परवानगी घ्यावी आणि सोमवारी सकाळी जावे. रविवारची सुट्टी झाल्यामुळे पर्चीच्या खिडकीपुढे त्या दिवशी रांग सगळ्यात लांब असते. पेने दोन न्यावीत.